अपडाउन करता करता ओईटी

भुसावळात लहान पोरालाही कळतं, मुंबईकडे जाते ती अप गाडी आणि मुंबईकडून येते ती डाउन. सकाळची ड्यूटी असली की मी अपने जळगावला जाते आणि संध्याकाळी डाउनने परत येते. रोज अशी ये-जा करणाऱ्याला आमच्याकडे 'अपडाउन करतो' म्हणतात. सासरे रेल्वेत गार्ड होते, त्यामुळे घरात हे दोन शब्द इंग्रजी आहेत असं कुणाच्या ध्यानातही येत नाही. मी नऊ वर्षं अपडाउन करतेय. आणि याच 'अप'ने, 'डाउन'ने आणि त्यांच्या भावंडांनी मला ओईटी या इंग्रजीच्या परीक्षेत पहिल्या खेपेला वीस गुणांनी पाडलं.

मी जळगावच्या एका खासगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. यूकेत नर्स म्हणून काम करायचं तर तिथल्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलकडे, म्हणजे एनएमसीकडे, नोंदणी लागते. त्याआधी इंग्रजी येतं हे दाखवावं लागतं. त्यासाठी बहुतेक जणी आयईएलटीएस देतात किंवा ओईटी, म्हणजे ऑक्युपेशनल इंग्लिश टेस्ट. ओईटी खास आरोग्य क्षेत्रातल्या लोकांसाठी आहे. ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि बोलणं असे चार भाग, प्रत्येक भाग ५०० गुणांचा. एनएमसीला ऐकणं, वाचणं, बोलणं यांत ३५० आणि लिहिण्यात ३०० हवेत. आयईएलटीएसमध्ये कुठल्याही विषयावर निबंध लिहावा लागतो, ओईटीत रुग्णाबद्दलचं पत्र. मला वाटलं, वॉर्डातलं इंग्रजी तर आपलं रोजचंच आहे. त्या भ्रमात मी सहा महिने होते.

सुरुवात पासपोर्टपासून झाली, जून २०२३ मध्ये. फी १,५०० रुपये, आणि पोलीस पडताळणी धरून पाच आठवडे. इथे एक सांगून ठेवते. माझं जीएनएमचं, म्हणजे नर्सिंगच्या पदविकेचं, प्रमाणपत्र माहेरच्या नावाने आहे आणि आधार सासरच्या. पासपोर्ट कुठल्या नावाने काढायचा हे आधी ठरवा, कारण ओईटीच्या फॉर्मवरचं नाव पासपोर्टशी अक्षराला अक्षर जुळावं लागतं आणि पुढची सगळी कागदपत्रं त्याच नावाच्या मागे येतात. मी आधी आधार माहेरच्या नावावर करून घेतलं. सासूबाईंना थोडं लागलं, पण त्यांनी बोलून दाखवलं नाही.

सप्टेंबरात ऑनलाइन क्लास लावला. केरळातल्या एका संस्थेचा, ९,५०० रुपये, रोज रात्री साडेआठला. नाइट ड्यूटी आली की क्लास बुडायचा, रेकॉर्डिंग मिळेल म्हणाले होते ते चारच वेळा मिळालं. पहिल्या आठवड्यात मॅडमनी प्रत्येकीला ओळख करून द्यायला सांगितली. मी झोकात म्हटलं, 'आय पास्ड आउट इन २०१४.' मॅडम गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, 'होप यू आर फीलिंग बेटर नाउ.' बाकीच्या पोरी हसल्या, मला काही कळलं नाही. आपण कॉलेजातून 'पास आउट' होतो, पण ब्रिटिश कानाला ते 'मी २०१४ मध्ये बेशुद्ध पडले' असं ऐकू येतं.

गंमत म्हणजे 'पास' हा आपला किती घरचा शब्द! परीक्षेत पास, रेल्वेचा महिन्याचा पास, एमएच १९ पासिंगची गाडी, टाइमपास. एवढे अर्थ आपण मराठीत सहज फिरवतो. पण 'पास वॉटर' म्हणजे लघवी करणं, 'पास विंड' म्हणजे गॅस जाणं, 'पास अवे' म्हणजे वारणं, आणि मुतखडा पडला तर तोही 'पास' होतो, हे मला तिशीत कळलं.

खरा धक्का ऐकण्याच्या पहिल्या सराव पेपरात बसला. भाग एमध्ये रुग्ण आणि आरोग्य कर्मचारी यांचं पाचेक मिनिटांचं बोलणं ऐकवतात, अशी दोन संभाषणं. समोर टिपणं छापलेली असतात आणि त्यांतल्या एकूण २४ गाळलेल्या जागा ऐकता ऐकता भरायच्या. एकदाच ऐकवतात. कागदावरची टिपणं आपल्या ओळखीच्या भाषेत असतात, 'ऑनसेट', 'व्हॉमिटिंग', 'लॉस ऑफ ॲपेटाइट'. रुग्ण मात्र तसं बोलत नाही. त्या पेपरातली बाई म्हणत होती, 'आय वॉज सिक ट्वाइस इन द नाइट.' मी आपली 'व्हॉमिट' शब्दाची वाट बघत बसले. तो आलाच नाही, कारण 'आय वॉज सिक' म्हणजेच 'मला उलटी झाली'. पुढे 'इट केम ऑन आफ्टर लंच', म्हणजे दुखणं जेवणानंतर सुरू झालं. मी 'स्टार्ट' शोधत होते. मग 'आय हॅव गॉन ऑफ माय फूड'. ऑफ म्हणजे बंद, किंवा साप्ताहिक सुट्टी. अन्नाची सुट्टी? तिला म्हणायचं होतं, जेवणावरची वासनाच उडाली. मी भानावर आले तोवर तीन गाळलेल्या जागा मागे पडल्या होत्या. २४ पैकी ११.

त्या रात्री मला रडू आलं, ते गुणांसाठी नव्हे. मला 'सिंकोप' येत होतं, 'डिस्निया' येत होतं, 'इडिमा' येत होतं. मोठमोठे शब्द सगळे पाठ. अडवत होते ते दोन-तीन अक्षरांचे: गेट, पुट, रन, टर्न, अप, ऑफ. जे पाचवीच्या इंग्रजीच्या पुस्तकात शिकून आपण 'झालं' म्हणून सोडून दिले होते.

हे असं का, ते मी नंतर वाचलं. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि दरबाराचे, कायद्याचे शब्द फ्रेंचमधून आले. वैद्यकीचे पुढे लॅटिन आणि ग्रीकमधून. घरातले, शेतातले, अंगदुखीचे शब्द मात्र जुन्या इंग्रजीचेच राहिले. 'गेट' आणि 'टेक' त्याही आधी वायकिंगांच्या भाषेतून आलेले. आपण नर्सिंगच्या पुस्तकातून वरचा मजला शिकतो आणि रुग्ण तळमजल्यावर राहतो. आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? केसपेपरवर आम्ही 'गिडिनेस' लिहितो, पण पारोळ्याची आजी कॉटवर बसून म्हणते, 'माले कसंतरीच व्हई ऱ्हायनं.'

क्लासने एक यादी दिली होती, अशा शब्दजोड्यांची, ए ते झेड, प्रत्येकीपुढे एकेक अर्थ. ती मी गाडीत पाठ करायची. 'ब्रिंग अप' म्हणजे मुलं वाढवणं. पाठ केलं. आणि सरावात म्हातारा म्हणाला, 'आय हॅव बीन ब्रिंगिंग अप सम ग्रीन स्टफ.' खोकल्यातून हिरवट कफ पडतोय म्हणत होता तो, आणि माझ्या डोक्यात मुलं वाढत होती. यादी पाठ करण्यात माझे तीन महिने गेले. तुमच्याकडे अशी यादी असेल तर ती बाजूला ठेवा, हे मी अगदी कळकळीने सांगते.

डिसेंबरात परीक्षा नोंदवली. फी ५८७ ऑस्ट्रेलियन डॉलर, कार्डाचं परदेशी व्यवहाराचं शुल्क धरून माझ्या खात्यातून ३३ हजार ४०० रुपये गेले. माझा पगार १९ हजार आहे. पैसे भरताना व्यवहार दोनदा फसला, कारण बँकेच्या ॲपमध्ये डेबिट कार्डाचा परदेशी वापर बंद असतो, तो आपण चालू करावा लागतो. आधी करून ठेवा, नाहीतर परीक्षेच्या जागा संपत आलेल्या असताना धावपळ होते.

फेब्रुवारी २०२४ मधला शनिवार, केंद्र मुंबईत. आदल्या दिवशी कल्याणला नणंदेकडे मुक्काम. मूळ पासपोर्ट लागतो, झेरॉक्स चालत नाही. फोन, घड्याळ बाहेर. परीक्षेत काय आलं ते सांगायला मनाई आहे, म्हणून इथली सगळी उदाहरणं सरावातली आहेत. एवढं सांगते, की ऐकण्याच्या पेपरात दोन जागी मला प्रत्येक शब्द ऐकू आला आणि एकाचाही अर्थ लागला नाही. लिहिण्याचा पेपर बरा गेला: पाच मिनिटं केस वाचायला, चाळीस मिनिटं पत्राला. बोलण्यात दोन प्रसंग असतात, प्रत्येकाच्या तयारीला तीन मिनिटं, बोलायला साधारण पाच. समोरची व्यक्ती रुग्ण होते, पण गुण ती देत नाही, रेकॉर्डिंग ऐकून दुसरेच देतात. हे माहीत असलं की तिच्या चेहऱ्याकडे बघून घाबरायला होत नाही.

निकालाला तीन आठवडे लागले. वाचणं ३५०, लिहिणं ३४०, बोलणं ३५०, ऐकणं ३३०. मी सायंकाळच्या डाउन गाडीत होते. जळगाव ते भुसावळ अर्ध्या तासाचा रस्ता. अख्ख्या रस्त्यात मी फोन चार वेळा बंद करून चालू केला, जणू आकडा बदलणार होता. घरी सासरे म्हणाले, 'सिग्नल नाही मिळाला म्हणजे गाडी थांबते बेटा, रद्द होत नाही.' त्या वेळी मला त्याचा रागच आला.

महिनाभर मी काही केलं नाही. मग एप्रिलात ती ओपीडी झाली.

आमच्याकडे नवे आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर, आले होते, हैदराबादचे. हिंदी चांगलं, मराठी शून्य. तरी बिचारे खिशात छोटी वही ठेवून शब्द टिपायचे. त्या दिवशी ते माझ्याकडे वैतागून आले. 'सिस्टर, ये लागणे का मतलब क्या है?' पहिला पेशंट म्हणाला भूक लागत नाही. दुसरीने सांगितलं, यावलहून येताना गाडी लागली. तिसऱ्याच्या पायाला लागलं होतं. चौथी आजी, तिला रात्री डोळा लागत नव्हता. आणि तिच्याबरोबर आलेला माणूस तिचा भाचा लागत होता. डॉक्टरांनी वहीत लिहिलं होतं, 'लागणे: टु फील', मग खोडून 'टु हिट', मग खोडून प्रश्नचिन्ह.

मी समजावायला गेले आणि मलाच येईना. लागणे म्हणजे काय? वेळ लागतो, ठेच लागते, आग लागते, दार लागतं, विहिरीला पाणी लागतं, मीठ कमी लागतं, वेड लागतं. याचा एक अर्थ कसा सांगायचा? शेवटी म्हटलं, 'सर, अर्थ लिहू नका. भूक लागणे हा अख्खा एक शब्द समजा. गाडी लागणे हा दुसरा.' बोलून झालं आणि मी तिथेच थबकले. 'लागणे'मध्ये माझा आयुष्यात कधी गोंधळ झाला नाही, कारण मला तो कुणी एकटा शिकवलाच नव्हता. तो दर वेळी कुणाच्या तरी सोबत आला होता. इंग्रजीची यादी मात्र मी एकटेएकटे शब्द उचलून पाठ करत बसले होते.

त्या रात्री २०० पानी वही काढली. एका पानावर एकच छोटा शब्द, आणि त्याखाली अर्थ नाही, फक्त रुग्णाच्या तोंडची अख्खी वाक्यं. समोर मराठीत आपला रुग्ण तेच कसं म्हणेल ते. 'माय फूट हॅज गॉन टु स्लीप', समोर 'पायाला मुंग्या आल्या'. 'आय कान्ट कीप एनीथिंग डाउन', समोर 'पोटात पाणीसुद्धा ठरत नाही'. 'आय हॅड अ फनी टर्न', समोर 'एकदम कसंतरीच झालं, घेरी आल्यासारखं'. यात फनी काहीच नाही, पण आपल्या 'कसंतरीच'मध्ये तरी नेमकं काय असतं? 'आय पुट इट डाउन टु माय एज', समोर 'म्हटलं, वयामुळे होत असेल'. हे वाक्य फार येतं. तोवर मी 'पुट डाउन' ऐकलं की खाली ठेवणंच समजत होते.

'फिट'चं पान लिहायला मजा आली. आपणही 'फिट आली' म्हणतो आणि 'आजोबा अजून फिट आहेत' असंही म्हणतो, त्यामुळे निम्मं काम झालेलं होतं. राहिलं ते 'शी हॅड अ कॉइल फिटेड', म्हणजे तिने तांबी बसवून घेतली. आणि रिसेप्शनवरची बाई 'वी कॅन फिट यू इन ॲट फोर' म्हणते तेव्हा चार वाजता तुम्हाला मधेच घेते.

'रन'ला मात्र चार पानं गेली. ताप असला तर 'रनिंग अ टेम्परेचर', नाक वाहतं ते 'रनी नोज', तपासण्या करायच्या त्याही 'रन' करतात, जुलाब म्हणजे 'द रन्स', आणि डायबेटिस घराण्यात असला तर तो 'रन्स इन द फॅमिली'. कुतूहल म्हणून शोधलं, तर ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत 'सेट' या क्रियापदाचे ४३० अर्थ होते. पुढच्या सुधारणेत 'रन'ने त्याला मागे टाकलं, ६४५ अर्थ. पीटर गिलिव्हर नावाच्या संपादकाला त्या एका शब्दावर नऊ महिन्यांहून जास्त काम करावं लागलं. नऊ महिन्यांत माझी मुलगी झाली होती. हे वाचून मला केवढं हलकं वाटलं! ज्या शब्दावर त्या माणसाची एवढी दमछाक झाली, तो आपल्याला यादीतल्या एका ओळीत कसा यावा? ६४५ लागतही नाहीत. वॉर्डात फिरतात ते पाच-सहा.

मे महिना होता. भुसावळात पंचेचाळीस अंश, पंखा गरम हवा फेकतोय, आणि मी पहाटे पाचला कानाला हेडफोन लावून बसलेली. पद्धत अशी: आधी ओईटीच्या वेबसाइटवरचा फुकटचा नमुना पेपर सोडवायचा. मग ऐकवलेल्या संभाषणाच्या लेखी उताऱ्यात रुग्णाचं बोलणं बघून छापील टिपण आणि बोललेलं वाक्य यांच्या जोड्या लावायच्या. 'ऑनसेट' आणि 'केम ऑन', 'रिगेन्ड कॉन्शसनेस' आणि 'केम राउंड', म्हणजे शुद्धीवर आले. पंधरा दिवसांनी जोड्या आपोआप लागायला लागल्या. डब्याच्या सुट्टीत पारोळ्याची मैत्रीण रुग्ण व्हायची, मी नर्स. ती मुद्दाम आधी अहिराणीत तक्रार सांगायची आणि मी तीच साध्या इंग्रजीत परत विचारायची, मोठा शब्द वापरला की पाच रुपये दंड. पहिल्या आठवड्यात मी पंच्याऐंशी रुपये भरले, त्याचे समोसे झाले.

दुसरी परीक्षा जूनमध्ये. फी पुन्हा ५८७ डॉलर, पुन्हा ३३ हजारांवर. मंगळसूत्र गहाण टाकावं लागलं नाही, पण भिशी उचलावी लागली. पावसाने गाडी अडीच तास उशिरा, त्यामुळे एक दिवस आधी निघालेलं बरं. ऐकण्याच्या पेपरात या वेळी एक वेगळीच गोष्ट जाणवली. मी शब्द पकडत नव्हते, त्या माणसाला काय होतंय ते ऐकत होते, आणि हात लिहीत होता. एका जागी कळलं नाही तेव्हा ती सोडून पुढे गेले. हे पहिल्या वेळी जमलं नव्हतं.

जुलैत निकाल आला. ऐकणं ३७०. लिहिणं ३५०, बोलणं ३६०. आणि वाचणं, जे गेल्या वेळी पास होतं, ते ३४०! दहा गुणांनी गेलं. दोन मिनिटं डोळ्यांपुढे अंधारी आली. मग एनएमसीचा नियम आठवला: बारा महिन्यांच्या आत दिलेल्या दोन परीक्षांचे गुण जोडता येतात. दोन्ही वेळा चारही भाग दिलेले हवेत आणि कुठलाच आकडा त्यांनी ठरवलेल्या किमान पातळीखाली नको. माझा नव्हता. वाचणं फेब्रुवारीचं, ऐकणं जूनचं. ज्यांचं एकाच भागात थोडक्यात हुकतं त्यांनी हा नियम एनएमसीच्या वेबसाइटवर नीट वाचून ठेवा, आमच्या क्लासने तो एकदाही सांगितला नाही.

एकूण खर्च: पासपोर्ट, क्लास, दोन परीक्षा, प्रवास आणि १,२०० चे हेडफोन मिळून ८२ हजार रुपये. वेळ, पासपोर्टच्या अर्जापासून तेरा महिने. पुढे एनएमसीचा अर्ज आणि नर्सिंगची संगणकावरची परीक्षा (२०२४ मध्ये त्यांची फी १४० आणि ८३ पौंड होती), शिवाय तिथे गेल्यावर ओएससीई, म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षा. त्याबद्दल झाल्यावर लिहीन.

परवा ओपीडीत जामनेरकडची एक आजी आली. आरएमओ सरांनी आता आम्हाला न विचारता हिस्ट्री घ्यायला सुरुवात केली आहे. मी केसपेपर हातात घेतला, तर लिहिलेलं, ताप पंधरा दिवसांपूर्वी, आपोआप बरा झाला. आजीच्या अंगाला हात लावला तर चटका बसला. विचारलं, 'सर, हे कसं?' ते ठामपणे म्हणाले, 'सिस्टर, उन्होंने खुद बोला, ताप अंगावर काढला. काढला मतलब निकाल दिया ना?'

मी थर्मामीटर लावला आणि म्हटलं, 'सर, काढणेला नवं पान घ्या. मोठं घ्या.'